बारीक चोचीचे अकरा

कसबा बावड्यात घर बांधून आम्हाला सहा वर्षं झाली. मागं ऊस, पुढं नवी कॉलनी. थंडीत कारखान्याचा बॉयलर पेटला की सकाळी दूध आणायला बाहेर पडल्यावर मळीचा तो गोडसर, कुबट वास नाकात शिरतो. बायको म्हणते, "अजून सवय न्हाय झाली वासाची?" वासाची झाली. वासाबरोबर जे येतं त्याची होत नाही. मळीचा वास आला म्हणजे डिसेंबर आला, आणि डिसेंबर आला म्हणजे घाटाखाली कोकणातल्या खाडीत कुरव, म्हणजे समुद्रपक्षी, उतरले. मग मी गेटपाशी दुधाची पिशवी धरून उगाच मागं वळून बघतो. मागं काही नसतं, नुसता ऊस असतो.

मी गणिताचा मास्तर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. पाखरांचं मला काडीचं वेड नव्हतं आणि आजही नाही. वेड होतं ते शिकलगार सरांना. सर आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील सायकलला सहाण बांधून गल्लोगल्ली कात्र्या-सुऱ्यांना धार लावत फिरायचे. त्या घरातला हा पहिला पदवीधर. बारकं काही बघायचं झालं तर अख्ख्या शाळेत सरांच्या तोडीचा माणूस नव्हता. मला त्यांनी धरलं ते अक्षरासाठी. माझं अक्षर बारीक, ठसठशीत आणि वेगाचं. "पाखरं मी बघतो हिरेमठ, तुम्ही नुस्तं लिवा," असं म्हणून एका रविवारी त्यांनी मला एसटीत बसवलं, आणि पुढं पाच हिवाळे मी बसत गेलो.

खाडीतले कुरव मोजायचे हे आमचं काम. म्हटलं तर सोपं. वाळूच्या दांड्यावर पांढरी-करडी पाखरं बसलेली असतात, सगळी वाऱ्याकडं तोंड करून, गप्प. मोजून मोकळं व्हायचं. पण मोजणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव ही नावं उन्हाळ्यातली. आपल्याकडं ते येतात थंडीत, आणि थंडीत दोघांचीही डोकी पांढरी होतात. कानामागं एक काळपट ठिपका उरतो, तोही दोघांना. मग नावाचा काय उपयोग, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. सर हसले. "डोळा बघायचा. तपकिरीचा डोळा फिका, काळ्याचा काळा." मी म्हटलं, झालं मग. तर म्हणाले, "झालं कसं? तपकिरीच्या पिल्लाचा डोळा पण काळाच असतोय." मग पाखरू पंख ताणेपर्यंत थांबायचं. तपकिरीच्या पंखाचं टोक रुंद काळं असतं, आणि मोठ्याच्या टोकावर पांढरे ठिपके, त्यांना आरसे म्हणतात. ते एका क्षणापुरते दिसतात आणि पंख मिटतो. एकेका पाखरासाठी सर दहा-दहा मिनिटं डोळा लावून बसायचे. खाडीतल्या लोकांना आम्ही येडे वाटायचो, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

सरांचा एक नियम होता. बघणाऱ्यानं लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्यानं बघायचं नाही. बघणाऱ्यानं लिहिलं तर नजर मोडते. लिहिणाऱ्यानं बघितलं तर त्याला वाटतं ते कागदावर उतरतं. मला हा नियम फार आवडला. गणितात असंच पाहिजे, उत्तर माहीत असणाऱ्यानं पेपर सोडवू नये. सर तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीला डोळा लावायचे. मी त्यांच्या पाठीमागं वाळूवर बसायचो, मांडीवर वही आणि उन्हासाठी डोक्यावर काळी छत्री. छत्री इतकी खाली घ्यायचो की मला वही, माझे गुडघे आणि सरांच्या चपला, एवढंच दिसायचं. पाच हिवाळ्यांत मी धड एक कुरव बघितला नसेल. त्याचा मला अभिमान होता, काय सांगू.

तो शेवटचा हिवाळा. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्यावर पिशवी घालून त्याला कपाटात ठेवला, ते वर्ष. त्या वर्षी काय काय झालं होतं ते मी आता एकामागून एक आठवत बसतो. तेव्हा एकही गोष्ट मनावर घेतली नव्हती. स्टाफरूममध्ये सरांच्या कोपराला लागून चहाचा ग्लास पडला. एकदा नाही, आठवड्यात तीनदा. शिपाई प्रसादाची वाटी घेऊन सरांच्या डाव्या बाजूला उभा राहिला, राहिला, आणि सर पुढं बघत पेपर तपासत बसले. शिपाई रागानं निघून गेला. भवानी मंडपाजवळ एक सायकलवाला सरांना घासून गेला आणि ओरडला, "ओ पावणं, डोळं काय घरात ठिवून आलाय व्हय?" मी पोट धरून हसलो. "सर, म्हातारं झालासा आता," मी म्हटलं. सर पण हसले. पण रस्ता ओलांडताना त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, आणि पलीकडं गेल्यावरही बराच वेळ सोडली नाही. मला अवघडल्यासारखं झालं होतं, एवढंच आठवतं.

आणि दुर्बिणीला डोळा लावला की हाच माणूस दोन फर्लांगावरच्या पाखराच्या डोळ्याचा रंग सांगायचा. मग कुणाला शंका येणार?

पाण्याबद्दल आम्हा कोल्हापूरच्या लोकांना एक माज असतो. आम्ही पूर बघितलेली माणसं. पंचगंगा चढायला लागली की घाटावर जत्रेसारखी गर्दी. आज अमुक देऊळ बुडालं, उद्या तमुक बुडेल, हे आम्ही भजी खात सांगतो. आमचं पाणी समोरनं येतं, पायरी-पायरीनं चढतं, दोन दिवस आधी निरोप देऊन येतं. त्यामुळं खाडीच्या वाळूवर बसतानाही आम्ही दोघं समोरच्या पाण्यावर हिशोब बांधायचो. समोर पाणी लांब आहे ना, मग चला. दांड्याच्या मागं एक सखल नाळ होती, ओहोटीला घोट्याएवढी. ती ओलांडूनच आम्ही दांड्यावर जायचो आणि तिच्याकडं पाठ करून बसायचो. भरती आली की पाणी आधी त्या नाळेत भरतं, दांडा शेवटी बुडतो. हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आम्हा दोघा मास्तरांना नव्हतं.

तिथं वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणारी एक बाई असायची, तिला सगळे रुक्मिणकाकी म्हणायचे. तिनं आम्हाला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं की अष्टमीच्या आसपासच्या आयतवारी येवा, तेव्हा पाण्याला जोर नसतो. आम्ही तसंच करायचो. त्या वर्षी चाचणी परीक्षेचे पेपर तपासण्यात तो रविवार गेला. आम्ही पुढच्या रविवारी गेलो. अमावास्या होती. अमावास्येला निघू नका, असं माझी आई, आमची अव्वा, म्हणालीही होती, पण ती दर अमावास्येला तेच म्हणायची.

रात्रीच्या एसटीनं निघून उजाडता उजाडता आम्ही दांड्यावर पोचलो. पाणी कधी नव्हे इतकं मागं हटलं होतं. सर खूश झाले. "बगा, आज किती वाळू उघडी हाय. पाखरं सुटी सुटी बसल्यात." रुक्मिणकाकी पाटी भरून परत निघाली होती. जाताना म्हणाली, "मास्तरानु, आज आवस आसा. बेगीन भायर येवा." सर म्हणाले, "व्हय व्हय, एवढं मोजून आलोच." मी छत्री उघडली.

मोजणी सुरू झाली. तपकिरी, तपकिरी, काळा, पिल्लू, तपकिरी. मी चौकड्या मारत होतो. मग सर एकदम थांबले. मी विचारलं, "काय झालं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हिरेमठ, नवीन रकाना काढा. बारीक चोच." बारीक चोचीचा कुरव म्हणजे त्या खाडीत कुणीच कधी नोंदवला नव्हता. थंडीत त्याचं डोकंही पांढरंच, पण कानामागचा ठिपका नसल्यासारखा, मान लांब, डोळा फिका. त्या शेकडो सारख्या पाखरांत तो वेगळा काढणं म्हणजे पोत्यातल्या तांदळातनं एक दाणा जुन्या तांदळाचा म्हणून उचलणं. सर एकेक उचलत गेले. एक. बरंच थांबून दोन. तिसरा. मी लिहीत होतो. पाठीमागं कसलातरी बारीक आवाज येत होता, चुळबुळ केल्यासारखा. वाळूतल्या खेकड्यांचा असेल म्हटलं. वाऱ्यानं छत्री हलली, मी ती आणखी खाली घेतली. सात. आठ. अकरा झाल्यावर सर म्हणाले, "थांबा जरा." मी थांबलो. माझ्या पायाला गार लागलं तेव्हाही मी आधी वही उचलली.

किनाऱ्यावरनं रुक्मिणकाकीचा आवाज आला. "ओ मास्तर, मागे बगा! पाणी इला!"

मी छत्री बाजूला केली आणि वळलो. नाळ नव्हतीच. तिथं काळपट, वेगानं आत सरकणारं पाणी होतं, आणि आमच्या वाळूचा पट्टा चटईएवढा उरला होता. पाणी सरांच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेलं होतं, त्यांच्या चपलांना लागत होतं. सर अजून दुर्बिणीत होते. दोन्ही बाजूंनी पाणी आलेलं त्या माणसाला दिसलं नव्हतं. मी ओरडलो तेव्हा ते दचकून सरळ झाले आणि नको त्या बाजूला पाऊल टाकलं. कमरेपर्यंत गेले. तिपाई आडवी झाली, दुर्बीण गेली.

पुढचं मला सांगायचं नाही, पण सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. नाळेत पाणी छातीएवढं होतं. काकी पाटी टाकून पाण्यात उतरली आणि तिनं सरांचा दंड धरला. ओढत, शिव्या देत तिनं त्यांना बाहेर काढलं. मी त्यांच्या हातभर अंतरावर चालत होतो. माझे दोन्ही हात डोक्याच्या वर होते. एका हातात वही आणि दुसऱ्या हातात मिटलेली छत्री.

वही कोरडी राहिली.

त्या उन्हाळ्यात सरांना काचबिंदू निघाला. दृष्टी बरीच गेलेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. मला हे शाळेत कळलं आणि मी मनातल्या मनात गणित मांडलं. ज्याला स्वतःभोवती आलेलं पाणी दिसलं नाही, त्याला दोन फर्लांगावरची चोच कशी दिसेल? आम्ही दरवर्षी आकडे पुण्याच्या एका अभ्यासकांना पत्रानं पाठवायचो. त्यांचं कार्ड आलं होतं की बारीक चोचीच्या नोंदीबद्दल खात्री असल्यास कळवावे. पत्रव्यवहार माझ्याकडं होता, अक्षरामुळं. मी कळवलं: निरीक्षकाची दृष्टी अधू असल्याचे नंतर निष्पन्न झाले आहे, सबब या मोसमाचे आकडे धरू नयेत. वहीतल्या त्या अकरावर लाल शाईची रेघ मारली. सरांना सांगितलं नाही. त्यांना कशाला दुखवा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, कारण बघितलं की माझे वर धरलेले हात आठवायचे. पुन्हा कधी 'चला खाडीला' असं मी म्हटलं नाही. सरांनी पहिल्या दोन हिवाळ्यांत वाट बघितली असणार. मग ते निवृत्त झाले.

त्या अमावास्येनंतर नऊ-दहा वर्षं अशीच गेली. मध्यंतरी ईदला नाहीतर रस्त्यात भेट व्हायची तेवढीच. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, मळीचा वास सुटला असताना, मी एकदा त्यांच्या घरी गेलो. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, साड्यांना फॉल लावत बसल्या होत्या, सर शेजारी. माझ्याशी बोलता बोलता भाभींनी सुई आणि दोरा सरांच्या हातात दिला. सरांनी सुई नाकासमोर धरली आणि पहिल्या दमात दोरा ओवला. मी बघत राहिलो. माझ्याच्यानं चष्मा लावून चार वेळाही होत नाही. मग भाभींनी सरांपुढं चहा ठेवला, मी बशी द्यायला म्हणून कप जरा बाजूला सरकवला, आणि सरांच्या हाताला लागून तो खाली.

"समोरच ठेवा की," भाभी म्हणाल्या. "बाजूचं दिसत न्हाय त्यांना."

"मधलं हाय अजून," सर म्हणाले. "नळीतनं बघितल्यागत. डॉक्टर म्हणले, कड आधी जाती, मधलं शेवटी. खाडीतल्या त्या दिवसाच्या आधीच दोन-तीन वर्षं सुरू झालं असणार."

मी विचारलं, "मग दुर्बिणीत?"

"दुर्बिणीत काय फरक पडतोय? दुर्बिणीला कड नसतीच की."

वर्तुळाचा मध्य आणि परीघ मी आयुष्यभर फळ्यावर काढत आलोय. त्या दिवशी घरी येताना माझी स्कूटर दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मी तिला लाथ घातली. राग स्कूटरचा नव्हता.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेलो. आता लपवून भागणार नव्हतं. सरांनी वही डोळ्याजवळ धरली आणि एकेक अक्षर सरकवत वाचत गेले. लाल रेघेपाशी थांबले.

"हे कुणी मारलं?"

"मी." मग पत्राचंही सांगितलं, जसंच्या तसं. भाभींचं शिवणयंत्र थांबलं.

सरांनी त्या रेघेवरनं बोट फिरवलं. "अकरा होते, हिरेमठ," म्हणाले. मग, "बारावा शोधत होतो. म्हणून थांबा म्हणलो." मला वाटलं, आता उठून जा म्हणतील. तर त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या वेळात एकदा तरी वर बघितलासा?"

"न्हाय. नियम होता, सर."

"पाखरं बघायची न्हाईत असा नियम होता. पाणी बघायला कुणी अडवलं हुतं?"

ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. घरी येऊन मी पुण्याला पुन्हा पत्र लिहिलं, चूक माझी आहे, अकरा धरावेत. उत्तर आलं नाही. ज्यांना लिहिलं ते गृहस्थ आता असतील-नसतील.

आणि हा हिवाळा. दिवाळीनंतर भाभींचा फोन आला. मधलंही आता बारीक होत चाललंय, पुढच्या थंडीचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणालेत. सरांनी फोन घेतला. "एकदा खाडी दाखवा," म्हणाले. गेली दहा-बारा वर्षं हे वाक्य मी बोलायला पाहिजे होतं.

पंचांग मी दोनदा बघितलं आणि अष्टमीच्या लगतचा रविवार धरला. मुलाची गाडी घेतली, एका ओळखीच्याची दुर्बीण उसनी आणली. रुक्मिणकाकी आता थकलीय, तिसऱ्या काढायला सून जाते. काकीनं मला ओळखलं आणि दारातनंच म्हणाली, "आज तरी मागे बगा हां." आम्ही नाळ ओलांडली तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं. पण मला ते गार लागलं, आणि मी सरांना दोनदा विचारलं की परत जायचं का. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

दांड्यावर पाखरं होती. सगळी पांढरी, सगळी वाऱ्याकडं तोंड करून, गप्प. सरांनी दुर्बिणीला डोळा लावला. तेवढ्याशा भोकातनं पाखरू सापडायला त्यांना फार वेळ लागत होता. पण सापडलं की आवाज तोच. तपकिरी. तपकिरी. पिल्लू. मी वही उघडली होती, पेनाचं टोपणही काढलं होतं. मग टोपण लावलं, वही वाळूवर ठेवली, उभा राहिलो, आणि सरांच्या पाठीला पाठ लावून नाळेकडं तोंड केलं.

"लिवताय न्हवं?" सरांनी विचारलं.

"न्हाय सर. मी पाणी बघतोय."

त्यांची पाठ माझ्या पाठीला तशीच टेकलेली होती. ऊन चढत होतं, छत्री मी गाडीतच ठेवून आलो होतो. नाळेच्या काठाशी एक चपटा दगड होता, आल्यापासनं मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. त्याच्या खालच्या अंगाला मघाशी कोरडी वाळू होती. आता तिथं ओली रेघ आली होती. मी बघत होतो तेवढ्यात ती बोटभर वर सरकली, कसलाही आवाज न करता.

"बारीक चोच," सर हळूच म्हणाले. "एक. हिरेमठ, थांबा जरा."

मी वळून त्यांचा हात धरला. घट्ट धरला, दोन्ही हातांनी. वही तिथंच वाळूवर राहिली.